राखणीच्या कुत्र्याने विष खाल्ले तर काय करावे?

(ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते)



या पानावर आपण एरवी लागण, खोडवा, खतांच्या मात्रा आणि हुमणी यांविषयी वाचता. या वेळी कुत्र्याविषयी लिहीत आहे, तेव्हा काहींना नवल वाटेल. ऊस विकास खात्याचा आणि कुत्र्याचा काय संबंध, असेही कोणी म्हणेल. संबंध आहे. उसाच्या फडात उंदीर मारण्यासाठी, वाळवीसाठी, खोडकिडीसाठी आणि बेणेप्रक्रियेसाठी जी औषधे आपण वापरतो, त्यांची शिफारस आमचेच खाते करते. ती औषधे उंदराच्या किंवा किडीच्या पोटात जाण्याऐवजी वस्तीवरच्या कुत्र्याच्या पोटात गेली, तर त्याची माहितीही आमच्याच खात्याने दिली पाहिजे.

शिवाय वस्तीवर राहणाऱ्याला कुत्र्याची किंमत सांगायला नको. रात्री पाण्याची पाळी असताना पुढे चालणारे तेच असते. मोटारीची केबल चोरणारा असो नाहीतर रानडुक्कर असो, पहिली वर्दी तेच देते. पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक जिल्ह्यांच्या ऊसपट्ट्यात तर बिबट्या उसातच बस्तान मांडतो. तिथे गोठ्यापाशी कुत्रे असणे ही हौस नसून गरज आहे.

हंगामात गट ऑफिसला किंवा चिटबॉयला जे फोन येतात, त्यांत दरवर्षी एखाद-दुसरा असा असतो : "साहेब, कुत्र्यानं उंदराचं औषध खाल्लंय जणू. आत्ता तर बरं दिसतंय. काय करू? सकाळपर्यंत बघू का?" या एका प्रश्नाचे उत्तर नीट द्यावे, एवढ्यासाठीच हा लेख.

सकाळपर्यंत बघू नये

उत्तर आधी सांगतो, कारणे मागाहून. कुत्रे बरे दिसते म्हणून सकाळपर्यंत थांबू नये. विष पोटात गेल्यावर लक्षणे दिसेपर्यंत मध्ये काही वेळ जातो. कोणत्या विषाला तो अर्धा तास असतो, तर कोणत्या विषाला चार-पाच दिवस. या मधल्या वेळेत कुत्रे शेपूट हलवते, पाणी पिते, भाकरीही खाते. आपल्याला वाटते, टळले. प्रत्यक्षात डॉक्टरच्या हातून जे काही होण्यासारखे असते, ते बहुतेक याच वेळेत होते. लक्षणे दिसू लागली की निम्मी संधी गेलेली असते.

म्हणून काळजी करायचीच असेल तर ती पहिल्या तासात करावी, आणि ती डोक्याला हात लावून बसण्यात न घालवता तीन प्रश्नांची उत्तरे शोधण्यात घालवावी : काय खाल्ले, किती खाल्ले, केव्हा खाल्ले? ही तीन उत्तरे आणि औषधाचे पाकीट हातात असले, तर डॉक्टरचे निम्मे काम होते.

आपल्या शेतातील विषे

(अ) झिंक फॉस्फाईड. ही काळपट राखाडी भुकटी. ज्वारी किंवा गव्हाचा भरडा 96 भाग, गोडे तेल 2 भाग आणि औषध 2 भाग अशी आमिषाची पद्धत आपणास ठाऊक आहे. तेलाचा वास लागलेला भरडा उंदराला जसा आवडतो, तसाच कुत्र्यालाही आवडतो. पोटातल्या आम्लाशी संबंध आला की या भुकटीतून फॉस्फिन नावाचा विषारी वायू सुटतो आणि तो हृदय, फुप्फुसे, यकृत यांवर घाला घालतो.

थोडा हिशेब करू. 10 ग्रॅमच्या एका पुडीत 2 टक्क्यांप्रमाणे 200 मिलिग्रॅम विष असते. कुत्र्याच्या दर किलो वजनास साधारण 20 ते 40 मिलिग्रॅम एवढी मात्रा जिवावर बेतणारी समजली जाते. म्हणजे 10 किलो वजनाच्या गावठी कुत्र्याला एक-दोन पुड्या पुरेशा होतात. "थोडंसंच खाल्लंय" या म्हणण्याला इथे अर्थ राहत नाही.

लक्षणे बहुधा पाव तासापासून चार तासांच्या आत सुरू होतात. उलट्या, कधी रक्ताच्या, पोटदुखी, धाप, बेचैनी आणि नंतर झटके. तोंडाला किंवा उलटीला लसणासारखा किंवा कुजक्या मासळीसारखा वास येतो. तो मुद्दाम हुंगून पाहू नये. तो वायू माणसालाही घातक आहे. या विषावर उतारा नाही. डॉक्टर पोट मोकळे करणे, आम्ल कमी करणे आणि सलाईन देऊन जीव धरून ठेवणे असे उपचार करतात. म्हणून इथे मिनिटांना मोल आहे.

(आ) ब्रोमॅडिओलोन. तयार वड्या किंवा तयार आमिष मिळते ते. हे रक्त गोठण्याची क्रिया बंद पाडते. मात्र रक्तात आधी तयार असलेला साठा संपेपर्यंत काहीच दिसत नाही. तीन ते पाच दिवसांनी, कधी त्याहून उशिरा, कुत्रे मलूल होते, हिरड्या पांढऱ्या पडतात, नाकातून, शेणातून रक्त जाते, खोकला किंवा दम लागतो, सांधा सुजून लंगडते. रक्तस्राव आत छातीत झाला तर बाहेर एक थेंबही दिसत नाही. तोवर "चार दिवसांपूर्वी वडी कुरतडली होती" हे घरातले विसरूनही गेलेले असतात.

या विषावर चांगला उतारा आहे. के-1 हे जीवनसत्त्व वेळेवर सुरू केले आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस, बहुधा तीन-चार आठवडे, चालू ठेवले तर कुत्रे वाचते. बरे वाटले म्हणून आठ दिवसांत गोळ्या बंद करणारे पुष्कळ. तसे करू नये, कारण औषध बंद होताच शरीरात उरलेले विष पुन्हा डोके वर काढते. मेलेले-मरगळलेले उंदीर वरचेवर खाल्ल्यानेही कुत्र्याला हीच बाधा होऊ शकते.

(इ) फवारणीची आणि बेणेप्रक्रियेची कीटकनाशके. क्लोरपायरिफॉस, डायमेथोएट, मॅलेथिऑन ही एका कुळातली, तर कार्बोफ्युरानचे दाणे दुसऱ्या कुळातले. दोन्हींची लक्षणे सारखीच : तोंडातून लाळेची धार, डोळ्यांतून पाणी, उलटी, पातळ संडास, आपोआप लघवी, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, अंगाला थरथर, घरघर लागून श्वास कोंडणे. ही लक्षणे काही मिनिटांत ते काही तासांत दिसतात. ॲट्रोपीन हे इंजेक्शन यावर काम करते आणि पहिल्या कुळाच्या विषावर त्याच्या जोडीला पॅमही देतात. पण मात्रा जनावराकडे बघत-बघत ठरवावी लागते. ते काम डॉक्टरचेच आहे. गावातल्या कंपाउंडरकडून टोचून घेऊ नये.

बेणेप्रक्रियेत 100 लिटर पाण्यात 300 मिली डायमेथोएट किंवा मॅलेथिऑन आणि 100 ग्रॅम कार्बेन्डॅझिम घालून टिपऱ्या 10 ते 15 मिनिटे बुडवतो. लागण झाल्यावर गडी जेवायला जातात आणि उरलेले द्रावण टाकीत किंवा कागद अंथरलेल्या खड्ड्यात तसेच राहते. तापलेल्या दुपारी कुत्र्याला ते पाणीच वाटते. शेळी, कोंबडी आणि खेळणारे पोर यांनाही तसेच वाटू शकते, हे ध्यानात घ्यावे.

(ई) एरंडी पेंड. हिला आपण विष समजतच नाही. सेंद्रिय खत म्हणून चांगली, पण एरंडीच्या बियांतले रिसिन नावाचे विष नीट नष्ट झालेले नसेल तर ते पेंडीत उरते. कुत्र्यांना तिचा वास भावतो. फोडलेले पोते उघडे राहिले की ती खुशाल खातात. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, उलट्या आणि रक्ताची हगवण सुरू होते. उतारा नाही. सलाईन व शुश्रूषा यांवर भर द्यावा लागतो.

दोन वस्त्यांवरची हकीकत

गेल्या हंगामात आमच्या एकाच गटात दोन प्रकार झाले. पहिल्या वस्तीवर संध्याकाळी आठच्या सुमारास कुत्र्याने शेडमध्ये ठेवलेला झिंक फॉस्फाईडचा उरलेला भरडा खाल्ला. घरच्यांनी पाहिले. कुत्रे चांगले होते. विष पातळ होईल या समजुतीने त्याला वाडगाभर दूध आणि कुस्करलेली भाकरी घातली. अकरा वाजता उलट्या सुरू झाल्या, पहाटेआधी ते गेले. नंतर मी गेलो तेव्हा घरातल्या शाळकरी मुलीने विचारले, "काका, दूध मी पाजलं. त्याच्यानं मेलं का ओ?"

तिला सांगितले तेच इथे लिहितो. विष मोठ्या मात्रेत गेले होते. दूध पाजले नसते तर वाचलेच असते, असे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. पोरीचा यात काही दोष नाही, कारण तिला कोणी सांगितलेलेच नव्हते. परंतु पोटात अन्न गेले की आम्ल वाढते आणि हा वायू जोराने सुटतो, ही गोष्ट खरी. आणि आठ ते अकरा हे तीन तास हाती होते, हीही गोष्ट खरी.

दुसऱ्या वस्तीवर ब्रोमॅडिओलोनच्या वड्या कुरतडलेल्या सापडल्या. कुत्रे अंगणात उड्या मारत होते. शेजारी हसले, "याला काय धाड भरलीय?" पण घरधनी पाकीट घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळीच दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी के-1 सुरू केले, मध्ये रक्ताची तपासणी केली, महिनाभर गोळ्या चालल्या. ते कुत्रे आजही त्या वस्तीवर आहे. पाकीट नसते आणि चौथ्या दिवशी नाकातून रक्त यायची वाट पाहिली असती, तर निकाल वेगळा लागला असता.

पहिल्या तासात काय करावे

1. कुत्र्याला विषापासून दूर, मोकळ्या हवेत बांधावे. दुसरी कुत्री, मांजरे आणि मुले यांनाही तिथून हलवावे.

2. पाकीट, डबा किंवा बाटली शोधावी. पाकिटावर शंकरपाळीच्या आकाराची खूण असते. तिचा खालचा अर्धा भाग लाल असेल तर अति तीव्र, पिवळा तर तीव्र, निळा तर मध्यम आणि हिरवा तर सौम्य विषारी, असा 1971 च्या कीटकनाशक नियमांचा संकेत आहे. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे. लेबलावर व सोबतच्या माहितीपत्रकावर उताराही छापलेला असतो. मोबाईलवर त्याचा फोटो काढून ठेवावा.

3. किती पुड्या किंवा वड्या कमी आहेत ते मोजावे. वेळ लिहून ठेवावी. कुत्र्याचे वजन अंदाजे सांगता आले पाहिजे.

4. ताबडतोब जनावरांच्या डॉक्टरांना फोन करावा. पशुसंवर्धन खात्याच्या फिरत्या पथकासाठी 1962 हा क्रमांक आहे. गाडीची सोय असेल तर वाट पाहत न बसता फोन करून तालुक्याच्या दवाखान्याकडे निघावे.

5. औषध अंगावर सांडले असेल तर हातांत मोजे किंवा प्लॅस्टिकच्या पिशव्या घालून साबण-पाण्याने धुऊन काढावे. नाहीतर ते अंग चाटून आणखी विष पोटात घेते.

6. झिंक फॉस्फाईडचा संशय असल्यास गाडीच्या काचा उघड्या ठेवाव्यात. उलटी झाली तर वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे राहावे.

काय करू नये

दूध, तूप, तेल, अंडे, ताक यांपैकी काही पाजू नये. तेला-तुपाने काही विषे उलट लवकर भिनतात, आणि झिंक फॉस्फाईडमध्ये अन्नाने काय होते ते वर सांगितलेच आहे.

मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. मीठ जास्त झाले तर त्यानेच मेंदूला सूज येऊन झटके येतात. कांद्याचा रस तर मुळीच नको, कारण कांदा कुत्र्याला स्वतःच बाधतो. चुलीतला कोळसा कुटून देऊ नये. डॉक्टर वापरतात तो कोळसा वेगळ्या रीतीने तयार केलेला असतो.

उलटी करवायची की नाही हे डॉक्टरने ठरवावे. गुंगीत असलेल्या किंवा झटके येणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात काहीही ओतले की ते फुप्फुसात जाते. फवारणीच्या बऱ्याच पातळ औषधांत रॉकेलसारखे द्रावक असते. ते उलटीवाटे श्वासनलिकेत गेले तर विषापेक्षा त्याचाच ताप अधिक.

माणसाच्या वेदनेच्या गोळ्या देऊ नयेत. त्या कुत्र्याला घातक ठरतात.

आणि तोंडात हात घालू नये. लाळ गाळणारे, झोकांड्या खाणारे कुत्रे विषबाधेचेच असेल असे नाही, पिसाळलेलेही असू शकते. वरवर दोन्ही सारखीच दिसतात. त्यातून चावा, ओरखडा झाला किंवा जखमेला लाळ लागली, तर साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुऊन त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी. कुत्र्याच्या काळजीत माणसाची हयगय नको.

असे घडूच नये म्हणून

1. उंदरांसाठी आमिष ठेवताना आदल्या दिवशी सर्व बिळे बुजवावीत. दुसऱ्या दिवशी जी उकरलेली दिसतील तीच जिवंत बिळे. झिंक फॉस्फाईड वापरायचे तर दोन दिवस बिनविषारी भरडा ठेवून मग विषारी पुडी बिळात खोलवर सारावी आणि तोंड मातीने लिंपावे. बांधावर, पाटावर, गोठ्यात उघडे आमिष टाकू नये.

2. पुड्या मोजून न्याव्यात, मोजून ठेवाव्यात. उरलेल्या परत आणल्या किंवा पुरल्या याची वहीत नोंद करावी. वहीवरून किती खाल्ले ते सांगता येते.

3. आमिष असेतो कुत्रे बांधून ठेवावे. रोज सकाळी फडाभोवती फिरून मेलेले उंदीर खुरप्याने गोळा करून खोल पुरावेत. कालव्यात किंवा उकिरड्यावर टाकू नयेत.

4. आमिष स्वयंपाकाच्या भांड्यात कालवू नये. कामाची घमेली-डबे वेगळे ठेवून खूण करावी.

5. शेजारी, वाटेकरी आणि तोडणी टोळीचा मुकादम यांना सांगावे. टोळ्यांबरोबर त्यांची कुत्री येतात, कोप्यांत लहान मुले असतात, आणि त्यांना आपल्या फडात काय ठेवले आहे हे माहीत नसते. तोडणी तोंडावर आली असेल तर विषारी आमिष ठेवूच नये.

6. बेणेप्रक्रियेचे उरलेले द्रावण उघडे सोडून जेवायला जाऊ नये. विहीर, ओढा व पाट यांपासून दूर पडीक जागी खड्डा करून त्याची विल्हेवाट लावावी.

7. एरंडी पेंड उंचावर, बंद खोलीत ठेवावी आणि टाकल्याबरोबर मातीआड करावी.

8. सर्व औषधे मूळ पाकिटात, कुलपाच्या पेटीत. पाण्याच्या बाटलीत किंवा चहाच्या डब्यात काढून ठेवलेले औषध हे पुढच्या अपघाताचे मूळ.

जुन्या साठ्याबद्दल एक सांगणे आहे. फोरेट, म्हणजे आपण ज्याला थायमेटचे दाणे म्हणत होतो ते, केंद्र सरकारच्या आदेशाने 31 डिसेंबर 2020 पासून बंद आहे. तरी एखाद्या माळ्यावर जुना डबा असू शकतो. तो वापरू नये, उकिरड्यावरही फेकू नये. कुलपात ठेवून कृषी खात्याशी बोलावे.

आणखी एक गोष्ट नाइलाजाने लिहितो. बांधाच्या भांडणातून किंवा भुंकण्याला कंटाळून मुद्दाम विष घालण्याचे प्रकार कानावर येतात. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा कायदा आहेच, शिवाय भारतीय न्याय संहिता, 2023 च्या कलम 325 खाली जनावराला विष घालणे हा पाच वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. असे विष कुत्र्यापुरते राहत नाही. ते गाईच्या गव्हाणीत, ओढ्याच्या पाण्यात आणि पोरांच्या हातात जाते.

सभासदांनी उंदीर मारूच नयेत, असे आमचे म्हणणे नाही. लोळलेल्या उसात उंदीर किती नासधूस करतो ते आपण जाणता. म्हणणे एवढेच की, औषध ज्याच्यासाठी आणले त्याच्याच पोटात जावे. आणि चुकून दुसरीकडे गेले, तर पाकीट घेऊन निघावे, रात्र असली तरी. आमिष ठेवण्याची पद्धत प्रत्यक्ष पाहायची असल्यास आपल्या गट ऑफिसात कळवावे. शेतकी खात्याचा माणूस फडावर येऊन करून दाखवील. डॉक्टरांचा आणि 1962 हा नंबर शेडच्या भिंतीवर, मोटारीच्या पेटीशेजारी, आजच खडूने लिहून ठेवावा.